धावफलक आणि साक्ष : क्रीडापत्रकारितेचे विद्यापीठीय अध्ययन आणि मध्य मुंबईचा क्रीडा-इतिहास

गोषवारा

मुंबई विद्यापीठाच्या माध्यमविषयक पदवी अभ्यासक्रमात क्रीडापत्रकारितेला पर्यायी विषयाचे स्थान मिळाले आहे. शारीरिक शिक्षणाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमातही तो विषय आहे. दोन्ही ठिकाणी त्याच्याकडे प्रामुख्याने व्यवसायकौशल्य म्हणून पाहिले जाते. प्रस्तुत लेखात क्रीडापत्रकारितेचा विचार इतिहासाचे साधन म्हणून केला आहे. गिरगावलगतच्या मैदानांवरील क्रिकेट आणि दादर-परळ-लालबाग परिसरातील कबड्डी यांच्या नोंदींची तुलना करून, नोंदीच्या स्वरूपावर खेळाडूचे इतिहासातील स्थान कसे अवलंबून राहते, हे दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजसंज्ञा : क्रीडापत्रकारिता, धावफलक, गिरणगाव, कबड्डी, मौखिक इतिहास, अभ्यासक्रम.

१. प्रास्ताविक

आपल्या महाविद्यालयांत खेळ हा विषय जिमखान्याकडे सोपविलेला असतो आणि वृत्तपत्र हा विषय माध्यम किंवा मराठी विभागाकडे. इतिहास विभागाचा या दोहोंशी संबंध क्वचितच येतो. या वाटणीमुळे क्रीडापानाकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची सवय आपल्याला लागली नाही. राजकीय चळवळीच्या अभ्यासकाने ‘केसरी’च्या संचिका चाळणे आपण गृहीत धरतो. मात्र गिरणगावाच्या सामाजिक इतिहासाचा विद्यार्थी त्याच संचिकांच्या शेवटच्या पानाशी सहसा थांबत नाही.

क्रीडापत्रकारितेचे अध्ययन विद्यापीठात सुरू झाले ही स्वागतार्ह घटना आहे. परंतु त्या अध्ययनाचा आशय कोणता असावा, हा प्रश्न मागे उरतो. वार्तांकन, मुलाखत, समालोचन आणि पृष्ठरचना एवढ्यावरच अभ्यास थांबला, तर विद्यार्थ्याला व्यवसायाची तोंडओळख होईल. आपण उद्याच्या इतिहासकारासाठी नोंद करीत आहोत, ही जाणीव त्याला होणार नाही. या जाणिवेच्या अभावी काय गमावले जाते, हे मुंबईच्याच दोन खेळांच्या उदाहरणांवरून पाहता येते.

२. पत्रकारितेचे शिक्षण आणि खेळाची अनुपस्थिती

भारतात पत्रकारितेच्या शिक्षणाचा आरंभीचा प्रयत्न ॲनी बेझंट यांनी अड्यार येथील राष्ट्रीय विद्यापीठात १९२० मध्ये केला. त्यानंतर १९४१ मध्ये लाहोरच्या पंजाब विद्यापीठात पी. पी. सिंह यांनी हा विभाग उभा केला. नागपुरात हिस्लॉप महाविद्यालयात १९५२ मध्ये आणि पुणे विद्यापीठात १९६४ मध्ये हे शिक्षण सुरू झाले. मुंबईत धोबी तलावाच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयाच्या परिसरात १९६९ मध्ये झेवियर इन्स्टिट्यूट ऑफ कम्युनिकेशन्सची स्थापना झाली. पुढे २०००च्या सुमारास मुंबई विद्यापीठाने ‘बॅचलर ऑफ मास मीडिया’ ही पदवी सुरू केली. २०१९-२० पासून तिचे नाव आणि स्वरूप बदलले, आणि नव्या रचनेत तृतीय वर्षाच्या पत्रकारिता शाखेतील पर्यायी विषयांत क्रीडापत्रकारितेचा समावेश झाला. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ नंतरच्या आराखड्यात एम.पी.एड.च्या विद्यार्थ्यांसाठीही क्रीडापत्रकारिता व जनसंज्ञापन हा विषय ठेवण्यात आला.

म्हणजे १८५७ मध्ये स्थापन झालेल्या विद्यापीठात हा विषय येण्यास दीड शतकाहून अधिक काळ लागला. तोपर्यंत क्रीडापत्रकार घडत होते ते वृत्तपत्राच्या कचेरीत आणि मैदानाच्या कडेला. १८ जून १९६२ रोजी ‘महाराष्ट्र टाइम्स’ सुरू झाला. त्या दैनिकात वि. वि. करमरकर यांनी खेळाला स्वतंत्र पान आणि स्वतंत्र दृष्टी मिळवून दिली. मराठी क्रीडापत्रकारितेचे जनक म्हणून त्यांचा उल्लेख होतो, तो त्यामुळेच. १९८३च्या विश्वचषक विजयानंतरच्या उत्साहात ‘एकच षटकार’ हे मराठी क्रीडा-पाक्षिक वाचकप्रिय झाले. संदीप पाटील त्याचे संपादक होते. त्याच्याशी निगडित असलेले द्वारकानाथ संझगिरी पेशाने महापालिकेतील अभियंता होते. या पिढीला विद्यापीठाने क्रीडालेखन शिकविले नव्हते. मैदान, स्नेहीमंडळी आणि वाचन हीच तिची शाळा होती. करमरकर २०२३ मध्ये आणि संझगिरी २०२५ मध्ये निवर्तले. त्या शाळेचे अध्यापक एकामागून एक जात असताना विद्यापीठाचा वर्ग भरू लागला आहे, हा योगायोग लक्षात ठेवण्यासारखा आहे.

३. मैदानावरील वाद आणि पहिल्या नोंदी

मुंबईतील क्रीडालेखनाचा आरंभ निव्वळ रंजनासाठी झालेला नाही. पारशी तरुणांनी १८४८ मध्ये ओरिएंटल क्रिकेट क्लब स्थापन केला. पुढे १८८०च्या दशकात एस्प्लनेड मैदानावर युरोपियनांच्या पोलोमुळे देशी खेळाडूंच्या क्रिकेटची जागा खराब होऊ लागली आणि त्यावरून अर्ज-विनंत्यांचा दीर्घ झगडा झाला. शापुरजी सोराबजी यांनी १८९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात पारशी क्रिकेटच्या वृत्तान्तासोबत या झगड्याची हकिकतही दिली आहे. सामन्यांचे निकाल आणि मैदानावरील हक्क या दोन गोष्टी एकाच ग्रंथात याव्यात, यात या शहरातील क्रीडालेखनाचे मूळ स्वरूप दिसते.

१८९२ पासून युरोपियन आणि पारशी यांच्यात प्रेसिडेन्सी सामने होऊ लागले. १९०७ मध्ये हिंदूंचा संघ आल्याने स्पर्धा तिरंगी झाली, १९१२ मध्ये मुस्लिम संघ आल्याने चौरंगी आणि १९३७ मध्ये पंचरंगी. गिरगावातून चालत जाता येईल अशा अंतरावरच्या या मैदानांवर चाळींतील मध्यमवर्ग आणि व्यापारी, कारकून, विद्यार्थी लोटत असत. वृत्तपत्रांना हा वाचक हवा होता. त्यामुळे सामन्याचा सविस्तर वृत्तान्त आणि त्याच्यासोबत धावफलक देण्याची पद्धत दृढ झाली.

या स्पर्धेचे जातीय स्वरूप राष्ट्रीय चळवळीच्या काळात वादाचा विषय झाले. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे क्रीडासंपादक जे. सी. मैत्र यांनी जातीय क्रिकेटला विरोध केला. आकाशवाणीवरील समालोचनामुळे घराघरांत पोहोचलेले ए. एफ. एस. (बॉबी) तल्यारखान यांनीही पंचरंगी स्पर्धेविरुद्ध भूमिका घेतली. डिसेंबर १९४० मध्ये महात्मा गांधींनी या स्पर्धेविषयी प्रतिकूल मत व्यक्त केले, आणि १९४५-४६च्या हंगामानंतर ती बंद झाली. क्रीडापत्रकार सार्वजनिक प्रश्नावर मत बनवू शकतो, याचे हे मुंबईतील ठळक उदाहरण होय.

४. धावफलकाने काय राखले : पाळवणकर बंधू

धावफलक हे एक विलक्षण साधन आहे. त्यात दोन्ही संघांतील अकरा-अकरा नावे येतात. प्रत्येक फलंदाज किती धावा करून, कोणाच्या गोलंदाजीवर, कशा प्रकारे बाद झाला हे त्यात असते. प्रत्येक गोलंदाजाची षटके, धावा आणि बळी असतात. वृत्तान्त लिहिणाऱ्याची मर्जी काहीही असो, धावफलकातून कोणालाही वगळता येत नाही.

पाळवणकर बाळू यांच्या बाबतीत ही गोष्ट निर्णायक ठरली. चांभार समाजातील हा डावखुरा गोलंदाज पुण्याच्या मैदानावरील नोकरीतून खेळाकडे आला आणि पुढे मुंबईत हिंदू संघाचा आधार झाला. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, तेव्हा ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’सारख्या सुधारणावादी पत्राने या विजयात अस्पृश्य मानलेल्या खेळाडूला मिळालेल्या स्थानाचे सामाजिक महत्त्व ओळखले. १९११च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. हा आकडा कोणाच्या सहानुभूतीवर अवलंबून नव्हता. तो सामन्यागणिक छापला गेला होता, म्हणून आज शतकानंतरही तो निर्विवाद आहे.

परंतु धावफलकाला मर्यादाही आहेत. मैदानावर संघसहकारी चेंडू हाती घेत. चहाच्या वेळी मात्र बाळूंना वेगळ्या मातीच्या भांड्यात आणि वेगळ्या जागी चहा दिला जाई. धावफलकात हे कोठेही दिसणार नाही. १९२० मध्ये हिंदू संघाच्या कर्णधारपदावरून वाद झाला, तेव्हा बाळूंचे बंधू विठ्ठल आणि शिवराम यांनी जाहीर निवेदन काढून संघातून माघार घेतली. तडजोडीअंती बाळूंना उपकर्णधार करण्यात आले आणि १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले. ही कथा कळते ती निवेदनांतून, वृत्तपत्रीय चर्चेतून आणि विठ्ठल पाळवणकरांच्या १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘माझे क्रीडा-जीवन’ या आत्मचरित्रातून. बाळू पुढे १९३७च्या निवडणुकीत भायखळा-परळ भागातील राखीव जागेवर काँग्रेसतर्फे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते मिळाली. मैदानावरील कीर्ती परळच्या मतदारापर्यंत कशी पोहोचली होती, याचे मोजमाप या आकड्यांत आहे.

रामचंद्र गुहा यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतीय क्रिकेटच्या सामाजिक इतिहासात पाळवणकर बंधूंना मध्यवर्ती स्थान दिले. हे शक्य झाले, कारण दोन प्रकारची साधने उपलब्ध होती : एक धावफलक आणि दुसरी साक्ष. धावफलकाने कर्तृत्व राखले, साक्षीने त्या कर्तृत्वाभोवतीचा समाज राखला. यांपैकी एकच साधन असते, तर चित्र अपुरे राहिले असते.

५. जे नोंदले गेले नाही : गिरणगावाची कबड्डी

आता गिरगावाहून उत्तरेकडे, लालबाग-परळकडे वळू. कापड गिरण्यांमुळे या भागात कोकणातून आणि देशावरून आलेला कामगार वसला. चाळीपुढील मोकळी जागा, गल्ली आणि कामगार मैदानासारखी क्रीडांगणे ही त्याच्या विरंगुळ्याची ठिकाणे होती. क्रिकेटला लागणारे साहित्य आणि वेळ त्याच्यापाशी नव्हता. हुतूतूला चुन्याने आखलेले मैदान आणि दोन संघ पुरत. पाळी सुटल्यावर, दिव्याच्या उजेडात सामने रंगत.

या खेळाच्या नियमांना वडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने १९२३ मध्ये छापील रूप दिले. पुढे अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाने त्यांची पुनर्रचना केली आणि ‘कबड्डी’ या नावाने तो राष्ट्रीय पातळीवर गेला. दादरच्या अमर हिंद मंडळासारख्या संस्था, परळ-लालबागची व्यायाममंडळे, गिरण्या, रेल्वे, बंदर आणि बँकांचे संघ यांनी तो जोपासला. कामगाराच्या या क्रीडाजीवनाची खूण प्रभादेवीच्या सेनापती बापट मार्गावरील ‘हुतात्मा बाबू गेनू मुंबई गिरणी कामगार क्रीडा भवन’ या वास्तूच्या नावात आजही वाचता येते.

या खेळाचे वृत्त मराठी दैनिकांत येत असे, आणि करमरकरांच्या पिढीने देशी खेळांना आग्रहाने जागा दिली, हे कृतज्ञतेने नोंदविले पाहिजे. परंतु त्या वृत्ताचा रूढ साचा पाहावा. मंडळाचा कार्यकर्ता सामना संपल्यावर हाताने लिहिलेले निकालपत्र घेऊन कचेरीत येई. रात्रीच्या आवृत्तीत जागा उरेल त्याप्रमाणे त्यातील चार-सहा ओळी छापल्या जात. विजयी आणि पराभूत संघाचे नाव, मध्यंतराची आघाडी, अंतिम गुण, आणि ‘चढाई-पकडीचा सुंदर खेळ’ करणाऱ्या दोन-तीन खेळाडूंची आडनावे. बाकीचे खेळाडू कोण होते, कोणी किती चढाया केल्या, किती पकडी यशस्वी झाल्या, लोण कोणाच्या चढाईने पडला, हे त्या साच्यात मावत नसे. अनेकदा आडनावापुढे आद्याक्षरही नसे. कोकणातील एकाच गावची अनेक कुटुंबे जेथे एका चाळीत राहतात, तेथे केवळ आडनावावरून माणूस ओळखणे अशक्य असते.

याचा परिणाम पुढील तुलनेत दिसतो. फेब्रुवारी १९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शिल्डच्या सामन्यात दादरच्या शारदाश्रम विद्यामंदिराच्या दोन विद्यार्थ्यांनी ६६४ धावांची अभेद्य भागीदारी केली. विनोद कांबळी नाबाद ३४९, सचिन तेंडुलकर नाबाद ३२६. शाळकरी मुलांच्या सामन्यातील धाव न् धाव आज सांगता येते, कारण शालेय क्रिकेटलाही गुणलेखक आणि धाववही होती. कबड्डीत मात्र १९७२ मध्ये अर्जुन पुरस्काराने गौरविलेल्या सदानंद शेटे यांच्यासारख्या श्रेष्ठ खेळाडूचेही मोठेपण पुरस्काराच्या यादीतून आणि पाहणाऱ्यांच्या आठवणींतून समजून घ्यावे लागते. सामन्यागणिक कर्तृत्वाचा हिशेब वृत्तपत्रीय साच्यातून मांडता येत नाही. एका खेळातील विद्यार्थ्याला इतिहास आहे आणि दुसऱ्या खेळातील राष्ट्रीय खेळाडूला केवळ ख्याती आहे.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि गिरण्यांचे संघही विस्कटले. १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई क्रीडास्पर्धेत कबड्डीचा समावेश होऊन भारताला सुवर्णपदक मिळाले, तेव्हा हा खेळ ज्या वस्तीत वाढला तिचा आर्थिक कणा मोडलेला होता. २०१४ मध्ये प्रो कबड्डी लीग सुरू झाली. तेव्हापासून प्रत्येक चढाई चित्रित होते आणि प्रत्येक गुणाची आकडेवारी साठते. त्यामुळे नव्या वाचकाच्या दृष्टीने कबड्डीचा इतिहासच जणू २०१४ पासून सुरू होतो. त्याआधीची अनेक दशके, आणि ती जगलेला कामगारवर्ग, नोंदीअभावी मागे पडतो.

६. अभ्यासक्रमासंबंधी विचार

वरील विवेचनावरून क्रीडापत्रकारितेच्या अध्ययनात चार गोष्टींचा अंतर्भाव करणे इष्ट वाटते.

पहिली, संचिकावाचन. १८९८ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयाचा संदर्भ विभाग दादरमध्येच आहे. विद्यार्थ्याने एका दैनिकाच्या एका हंगामातील क्रीडापान वाचून कोणत्या खेळाला किती जागा मिळाली, कोणाची पूर्ण नावे छापली, स्त्रियांच्या सामन्यांना किती ओळी मिळाल्या, याचा तक्ता करावा. या साध्या अभ्यासातून वृत्तमूल्याची कल्पना कोणत्याही व्याख्येपेक्षा अधिक स्पष्ट होईल. जुन्या वृत्तपत्रांचा कागद ठिसूळ होत असतो, हेही त्याच्या प्रत्ययास येईल.

दुसरी, गुणलेखन. धाववही वाचता येणे हे जसे क्रिकेट-वार्ताहराचे प्राथमिक कौशल्य, तसेच कबड्डी आणि खो-खोचा गुणतक्ता भरता येणे हेही असावे. आंतरमहाविद्यालयीन सामन्यांत माध्यम विभागाच्या विद्यार्थ्यांनी संपूर्ण संघांची नावे आणि प्रत्येक चढाईची नोंद ठेवली, तर महाविद्यालयाच्या ग्रंथालयात दरवर्षी एक विश्वसनीय दप्तर जमा होईल. येथे जिमखाना आणि माध्यम विभाग यांचे सहकार्य आवश्यक आहे.

तिसरी, साक्ष. मीना मेनन आणि नीरा आडारकर यांनी गिरणगावाचा मौखिक इतिहास २००४ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. त्याच पद्धतीने लालबाग, परळ, नायगाव, दादर येथील जुन्या खेळाडूंच्या, पंचांच्या आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या मुलाखती विद्यार्थ्यांनी घ्याव्यात. अनेक घरांतील पेटीत जुनी प्रमाणपत्रे, संघांची छायाचित्रे आणि वृत्तपत्रांची कात्रणे असतात. पुनर्विकासात चाळ रिकामी होते, तेव्हा प्रथम हीच कागदपत्रे रद्दीत जातात. त्यामुळे या कामाला कालमर्यादा आहे. अर्थात आठवणी पारखूनही घ्याव्या लागतात. स्मरणातील निकाल आणि छापील निकाल यांचा ताळा घेणे हाच विद्यार्थ्याचा खरा अभ्यास ठरेल.

चौथी, भाषा. फलंदाज, यष्टिरक्षक, षटक, पायचीत, त्रिफळाचीत हे शब्द वृत्तपत्रांनी आणि बाळ ज. पंडित यांच्यासारख्या समालोचकांनी मराठीत रुजविले. आज ते कृत्रिम वाटत नाहीत. चढाई, पकड, लोण, हुलकावणी हे शब्द तर खेळातूनच आले. क्रीडापानाने मराठीला दिलेल्या या शब्दसंपत्तीचा अभ्यास मराठी विभागाने करण्याजोगा आहे.

यावर एक आक्षेप संभवतो. विद्यार्थी नोकरीसाठी येतो. त्याला संचिका आणि मुलाखतींत गुंतविणे कितपत योग्य? हा आक्षेप दुर्लक्षिण्यासारखा नाही. परंतु सामन्याचा निकाल आता वाचकाला वृत्तपत्राआधीच कळलेला असतो. अशा वेळी वार्ताहराकडून अपेक्षा राहते ती संदर्भाची, तुलनेची आणि माणसाच्या ओळखीची. या तिन्ही गोष्टी इतिहासाच्या अभ्यासातून येतात. ज्या विद्यार्थ्याने जुना वृत्तान्त तपासला आहे, तो आपल्या वृत्तात खेळाडूचे पूर्ण नाव लिहिण्यास विसरणार नाही.

७. निष्कर्ष

१. मुंबईतील क्रीडालेखन आरंभापासून मैदानाचा हक्क, जात आणि राष्ट्र या प्रश्नांशी जोडलेले आहे. म्हणून त्याचे अध्ययन सामाजिक इतिहासाचा भाग आहे.

२. पाळवणकर बंधूंचे स्थान इतिहासात निश्चित झाले, ते धावफलक आणि साक्ष ही दोन्ही साधने उपलब्ध असल्यामुळे.

३. गिरणगावाच्या कबड्डीला वृत्त मिळाले, परंतु खेळाडूनिहाय नोंद मिळाली नाही. ही उणीव व्यक्तीच्या अनास्थेपेक्षा वृत्ताच्या साच्यातून निर्माण झाली. साचा बदलता येतो आणि तो बदलण्याचे शिक्षण देता येते.

४. क्रीडापत्रकारितेचा अभ्यास माध्यम, इतिहास, मराठी आणि शारीरिक शिक्षण या विभागांनी संयुक्तपणे चालविल्यास अध्यापनातूनच क्रीडा-इतिहासाचे दप्तर उभे राहू शकते.

ज्या परिसरात आपली महाविद्यालये उभी आहेत, त्याच परिसरात हे काम आहे. कामगार मैदानावर खेळलेला खेळाडू आज सत्तरी-ऐंशीत असेल. त्याचे नाव, त्याचा संघ, त्याची गिरणी आणि त्याने गाजविलेला सामना विचारून लिहून घेण्यासाठी नव्या अनुदानाची किंवा मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही. येत्या सत्रातील प्रकल्पकार्यापासून त्यास आरंभ करता येईल.